काकूंच्या गाडीला ऑल्टोचे टायर

गाडी घेऊन बाईमाणूस आलं, त्यातून केस पांढरे असले, की गोदामात पडून राहिलेला माल तिच्या गळ्यात मारायचा असं टायरवाल्यांनी ठरवूनच टाकलंय का? सकाळपासून डोकं फिरलंय माझं.

शेजारच्या काकू, निवृत्त शिक्षिका. पुढच्या आठवड्यात भाचीच्या लग्नाला इंदूरहून पुण्याला निघाल्यात, गाडीने. 2019 च्या मॉडेलची वॅगनआर, एक लिटरची. पुढचे दोन टायर गुळगुळीत झाले होते म्हणून काल नवे टाकून आल्या आणि आज सकाळी कौतुकाने दाखवायला खाली घेऊन गेल्या. टायर चकचकीत काळे, पॉलिश मारलेले. वाकून साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, वाचली तर 145/80 आर13, पुढे 75.

अहो, हा ऑल्टोचा साइझ आहे! या वॅगनआरला कंपनीतून 155/80 आर13 येतो, लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) 79. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर जो स्टिकर दिसतो, त्यावर साइझ आणि हवा दोन्ही छापलेलं असतं. दुकानदाराला ते वाचायला पाच सेकंद लागले असते. काकूंनी फोन लावला तर पलीकडून उत्तर आलं, "आंटीजी, रिम में बैठ गया ना? फिर? मक्खन चलेगी."

रिममध्ये बसणारच. दोन्ही 13 इंची आहेत. पण 155/80 आर13 ची उंची साधारण 578 मिलिमीटर भरते आणि 145/80 आर13 ची 562. पुढची दोन चाकं 562 ची, मागची दोन जुनी 578 ची, म्हणजे गाडी पुढून आठ मिलिमीटर खाली बसली. एबीएसचा (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) सेन्सर प्रत्येक चाकाच्या फेऱ्या मोजत असतो, त्याला पुढची चाकं कायमच जोरात फिरताना दिसणार. आणि तो शेवटचा आकडा कुणी वाचतच नाही. 79 म्हणजे एका टायरवर 437 किलो, 75 म्हणजे 387. एका चाकामागे 50 किलो ताकद गेली. दुकानदाराचं म्हणणं, गाडीचं वजन चार चाकांवर वाटून बघा, 75 पण पुरतो. सपाट रस्त्यावर उभ्या गाडीचं गणित आहे ते, तेवढ्यापुरतं मान्य. पण पाच माणसं, डिकीत लग्नाच्या बॅगा, मानपूरच्या पुढचा गणेश घाट किंवा सेंधव्याच्या पुढचा बिजासन घाट उतरताना ब्रेक दाबला की बरंचसं वजन पुढच्या दोन चाकांवर येतं. आणि बाहेर मे महिन्यातलं निमाडचं ऊन. कमी ताकदीचा टायर अशा वेळी जास्त वाकतो, वाकला की तापतो, तापला की आतले थर सुटायला लागतात. आधी एक फुगा येतो बाजूला, मग धडाम.

आता तारीख. याच गोष्टीने माझा पारा सगळ्यात जास्त चढला.

बहुतेक टायरवर 'डॉट' या अक्षरांपासून एक लांबलचक कोड असतो. त्याच्या शेवटी लांबट गोल चौकटीत चार आकडे. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. 2322 असेल तर 2022 चा 23 वा आठवडा, म्हणजे जूनचा पहिला पंधरवडा. काकूंच्या उजव्या टायरवर नेमकं हेच होतं, 2322. नवा म्हणून, पूर्ण किमतीला! डाव्यावर तारीखच दिसेना. बऱ्याच टायरवर ती एकाच बाजूला असते आणि यांनी ती बाजू आत करून बसवला होता. चाकाच्या मागे मोबाइल घालून, टॉर्च लावून फोटो काढला तेव्हा दिसली: 0623. जोडी म्हणून विकलेल्या दोन टायरमध्येच आठ महिन्यांचं अंतर.

रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं. उकाडा आणि हवेतला ओझोन त्याला कडक करतात. त्यात घातलेली तेलं आणि मेणं हळूहळू संपतात. टायर फिरत असला तर ती पृष्ठभागावर येत राहतात, नुसता पडून राहिला तर तेही होत नाही. मग खाचांच्या तळाशी आणि साइडवॉलवर केसाएवढ्या चिरा. पत्र्याच्या शेडखाली आपल्याकडचे उन्हाळे काढलेला टायर आणि कारखान्यातून तीन महिन्यांपूर्वी निघालेला टायर एकाच भावाने कसा काय घ्यायचा? नीट अंधारात, थंड जागी ठेवलेला सहा-आठ महिन्यांचा टायर घ्यायला हरकत नाही, वर्षभरही एकवेळ चालवून घेऊ. त्यापुढचा दुकानातच सोडून यायचा. तारीख बघायची ती टायर रिमवर चढायच्या आधी, चारी टायर जमिनीवर आडवे ठेवून. एकदा चढला की "अब तो लग गया दीदी" सुरू होतं.

आणि हे कुठे चाललंय? इंदुरात! पीथमपूरजवळ खेडा नावाच्या गावी ब्रिजस्टोनचा कारखाना आहे. शेजारीच नॅट्रॅक्स या गाड्या तपासणाऱ्या केंद्राचा 11.3 किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक आहे, 2021 ला उद्घाटन झालं, देशभरच्या गाड्या तिथे चाचणीला येतात. तिकडे ग्वाल्हेरजवळ बानमोरला जेके, बडोद्याजवळ लिमड्याला अपोलो. शिंदे, होळकर, गायकवाड, तिन्ही संस्थानांच्या दारात टायर बनतात आणि आपल्या काकूंना मिळतो 2022 चा!

बिल? नाहीच. कच्ची चिठ्ठी. "बिल के बिना पांच सौ कम." 2025 च्या सप्टेंबरच्या 22 तारखेपासून गाडीच्या टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आलाय, तरी लोक बिल सोडतात आणि बिलाबरोबर वॉरंटीही. पक्क्या बिलावर साइझ, लोड इंडेक्स आणि जमलं तर टायरचा सीरियल नंबर लिहून घ्या. उद्या साइडवॉलला फुगा आला तर कंपनीचा माणूस आधी तोच कागद मागतो.

दुपारी काकूंना घेऊन दुकानात गेले. भांडायच्या तयारीनेच गेले होते. पण खरं सांगायचं तर तिथे जो पोरगा चाकं खोलत होता, विशीच्या आतला, त्याच्याकडे बघून राग जरा उतरला. बेचाळीस डिग्रीत, पत्र्याखाली, हातात मोजेही नाहीत. त्याने हळूच सांगितलं, "दीदी, सेठ जो निकाल के दे, वही चढाना पडता है." त्या पोराला साइझ कळतो, तारीख कळते. त्याला बोलायची मुभा नाही, एवढंच. सेठने हो-ना करत टायर परत घेतले, फरक घेतला आणि 155/80 आर13 79 टी आणून दिले, दोन्ही याच वर्षातल्या तारखांचे. म्हणजे माल होता! सगळेच दुकानदार असे नसतात, ठीक आहे. छावणीपासून पलासियापर्यंत सचोटीने धंदा करणारे जुने लोक आहेत. पण ते आहेत म्हणून बाकीच्यांना सोडायचं?

मग पुढचा वाद. नवे दोन टायर कुठे लावायचे? सेठ म्हणाला पुढे, इंजिन पुढे, स्टिअरिंग पुढे. सगळे हेच म्हणतात आणि सगळे हेच करतात. दोनच नवे घेत असाल तर ते मागे लावायचे आणि मागचे, अजून नक्षी शिल्लक असलेले, पुढे आणायचे. पावसात बायपासवर काळ्या मातीचा चिखल पसरलेला असतो, डंपरच्या चाकांनी शेतातून आणलेला. पुढचे टायर घसरले तर गाडी सरळ जायला बघते, ॲक्सिलरेटर सोडला की बहुतेक वेळा सावरते. मागचे घसरले तर गाडी गरकन फिरते आणि ती सावरणं रोज चालवणाऱ्यालाही जमत नाही. हो, पुढचे लवकर झिजतात हे खरं आहे. त्यासाठी दर आठ-दहा हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल करायची असते. काकूंचे नवे टायर मागे लागले, सेठ तोंड वाकडं करून बघत होता.

जुने टायर फेकायच्या आधी त्यांची झीज वाचा, ही माझी सगळ्यांना विनंती आहे. मधोमध झिजला असेल तर हवा जास्त भरत होतात. दोन्ही कडा झिजल्या असतील तर कमी. एकच कड, बहुतेक आतली, झिजली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन, बिघडलंय किंवा खालचं सस्पेन्शनचं रबरी बुश गेलंय. जागोजागी खळगे पडले असतील तर शॉकर बघा. काकूंच्या जुन्या डाव्या टायरची आतली कड पार गेली होती आणि बाहेरून तो बरा दिसत होता. अलाइनमेंट न करता नवे चढवले असते तर तेही वर्षभरात तसेच झाले असते. काल दुकानवाल्यांनी अलाइनमेंट केलंच नव्हतं. बॅलन्सिंगही (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं) "घूम के देख लिया" एवढंच. बॅलन्सिंगच्या मशीनवर आकडे येतात, ग्रॅममध्ये, आत किती आणि बाहेर किती. वजनं ठोकल्यावर चाक पुन्हा फिरवून दोन्हीकडे शून्य आलेलं बघितल्याशिवाय उतरवू द्यायचं नाही. नाहीतर ऐंशी-नव्वदच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं.

नक्षी कधी संपली म्हणायची? खाचांच्या तळाशी आडवे उंचवटे असतात, 1.6 मिलिमीटरचे. नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की कायद्यानेही टायर संपला. मी तर म्हणते पावसाळ्याआधी 3 मिलिमीटर उरली असेल तर बदलाच. पाणी बाहेर फेकायला खोली लागते. चार टायर मिळून रस्त्याला टेकलेली जागा चार तळहातांएवढी असते, सगळी गाडी आणि सगळी माणसं तेवढ्यावर.

आता कुठला टायर घ्यावा, हे विचारणाऱ्यांसाठी. सगळ्यांना 'जास्त चालणारा' हवा असतो. पण काकूंचं रनिंग महिन्याला चारशे किलोमीटर. सहा वर्षांत तीस हजारही होत नाही. त्यांना लाखभर किलोमीटर टिकणारं कडक रबर कशाला? ते झिजायच्या आधी म्हातारं होणार आणि तोवर ओल्या रस्त्यावर पकड कमी देणार. अशा माणसाने मऊ, ओल्यात धरणारा, आवाज कमी करणारा टायर घ्यावा. रोज देवास किंवा पीथमपूर करणाऱ्याने टिकाऊ घ्यावा, त्याचा तो तीन वर्षांत संपणारच आहे. कंपनीचं नाव मी सगळ्यात शेवटी बघते. आधी साइझ, मग लोड इंडेक्स आणि वेगाचं अक्षर (एस म्हणजे 180, टी म्हणजे 190, एच म्हणजे 210, मूळच्यापेक्षा खाली जायचं नाही), मग तारीख, आयएसआयची खूण, मग नाव. मोठ्या कंपन्यांचे टायर आपल्या छोट्या गाड्यांना सगळे पुरेसे चांगले आहेत, त्यावरून घरात भांडू नका.

रुंद टायरचा मोह तरुण पोरांना फार. दिसतो छान, मान्य. पण एक लिटरच्या इंजिनाला तो ओढावा लागतो, ॲव्हरेज पडतं, स्टिअरिंग जड होतं. एक पायरी रुंद घ्यायचाच असेल तर उंची मूळच्या दोन टक्क्यांच्या आत ठेवा आणि त्या रिमवर तो बसवायला टायर कंपनीची परवानगी आहे का ते बघा.

ट्यूबलेस टायर बदलला की रबरी वॉल्व्ह नवा लावायलाच सांगा, चिल्लर किमतीची वस्तू आहे. काकूंचे जुनेच ठेवले होते, बोटाने वाकवले तर बुडाशी चीर दिसत होती. त्यातून हळूहळू हवा जाते आणि माणूस पंक्चर शोधत बसतो. नायट्रोजनसाठी पैसे द्या किंवा देऊ नका, साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो. हवा मात्र टायर थंड असताना स्टिकरवरच्या आकड्याएवढीच भरायची. दुकानवाले चाळीस भरून पाठवतात, बाहेर पडलात की पहिल्या पंपावर तपासा. उन्हात चालवून आल्यावर आकडा चढलेला दिसतो, तो बघून हवा सोडायची नाही.

नवा टायर पहिले तीनशे-चारशे किलोमीटर जरा जपून चालवा, साच्यातून निघतानाचा तेलकट थर उतरायला वेळ लागतो. म्हणून काकूंना म्हटलं, निघायच्या आधी एकदा उज्जैनला जाऊन या, एकदा महूला.

आणि चाकाचे चारही नट आधी हाताने बसवून घ्यायचे, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळायचे. हवेच्या गनने करकचून आवळले तर सेंधव्याच्या पुढे, रात्री, साध्या पान्याने ते कुणाकडून उघडणार? दुकानातच एक नट आपल्या गाडीतल्या पान्याने सैल करून बघा. स्टेपनीची हवा आणि तारीखही तेव्हाच बघा. काकूंच्या स्टेपनीत फक्त बारा पीएसआय होती.

रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर, कुठेही असा, या महिन्यात टायर घेणार असाल तर दारावरच्या स्टिकरचा आणि दुकानात समोर ठेवलेल्या टायरच्या साइडवॉलचा फोटो इथे कमेंटमध्ये टाका. पैसे द्यायच्या आधी. मी लगेच बघून सांगते.