कंदुरी बंद करून कोण शुद्ध होणार?

माझ्या भाच्यानं घरच्या ग्रुपवर लिहिलं की यंदा गावच्या उरसात आपल्या घरची कंदुरी, म्हणजे पिराला बोललेलं बकऱ्याचं जेवण, होणार नाही, आणि पाटलांनाही तसं सांगून टाकायचं, कारण "हे दीनमध्ये (धर्मात) नाही." एवढ्यावर मी गप्प बसले असते. पण पुढं त्यानं मलाच, त्याच्या खालाला म्हणजे मावशीला, साक्षीला ओढलं: "खालाकडं इंग्लंडमध्ये बघा, किती साफ दीन पाळतात. ना दर्गा, ना गलफ (कबरीवरची चादर), ना बकरं." माझं नाव घेऊन गावातली चूल विझवायची असेल, तर मला बोललंच पाहिजे.

गाव लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातलं. घरात दखनी, शाळा जिल्हा परिषदेची मराठी. गावाबाहेर गैबी पिराची चुन्यानं रंगवलेली कबर, वर पत्रा, शेजारी चिंच. कुणाचं पोर दुखण्यातून उठलं, कुणाची विहीर लागली, की कंदुरी बोलायची. मुलाणी बिस्मिल्लाह म्हणून बकरं हलाल करतो, चिंचेखाली तीन दगडांच्या चुली मांडून गडीमाणसं रस्सा शिजवतात, बाया गव्हाच्या पोळ्या कुस्करून गूळतुपाचा मलिदा करतात. दर्ग्याची देखभाल करणारा मुजावर ऊद जाळतो, फातेहाची दुआ होते आणि सगळ्या आळ्यांची माणसं एका ओळीत बसून भाकरी चुरतात. निम्म्याहून जास्त कंदुऱ्या मराठा आणि धनगर घरांच्या असायच्या. त्याचं आम्हाला कधी नवल वाटलं नाही.

आता भाच्याच्या "साफ दीन"बद्दल. मी लेस्टरला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. डिसेंबरात दुपारची जोहर सव्वाबाराला, तिसऱ्या प्रहरची असर दोननंतर आणि सूर्यास्ताची मगरीब चारच्या आत, म्हणजे तिन्ही नमाज एकाच शिफ्टमध्ये. रोटा, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, बनवणारीला एकदा सांगितलं, तिनं माझे ब्रेक त्याप्रमाणे लावून दिले. विषय संपला. सिंकमध्ये पाय वर घेऊन वुझू (नमाजाआधीचं हातपाय धुणं) करताना कुणी आलं तर सॉरी म्हणून आपणहून बाहेर थांबतं. पुण्यात आयटी कंपनीतला माझा हाच भाचा जिन्याखाली रुमाल अंथरून नमाज पढतो आणि कुणी फोटो काढेल म्हणून एक डोळा दाराकडं ठेवतो. हा फरक मला रोज जाणवतो. आणि इथं राहिल्याचं समाधानही वाटतं, ते लपवण्याचं कारण नाही.

पण ही सोय झाली. दीन किती साफ, हे तिच्यावरून ठरत नाही. जूनमध्ये रात्रीची इशा अकराच्या पुढं जाते, पहाटेची फजर तीनच्या आसपास येते, आणि वेळ कोणत्या हिशेबानं धरायची यावर मशिदी-मशिदींचं जमत नाही. ईदचा चाँद सौदीचा धरायचा की जवळपास दिसलेला, यावरून एकाच गल्लीत दोन दिवस ईद होते. आमच्या समोरच्या घरी शीरखुर्मा उकळत असतो तेव्हा आमचा रोजा असतो. भाचा म्हणतो ती सफाई इथं कुठं आहे? मिलादचे (पैगंबरजयंतीचे) जुलूस इंग्लंडातही निघतात, ग्यारहवीची, म्हणजे पीर अब्दुल कादिर जिलानींच्या नावाची, देगही शिजते. त्याला जे दिसतं ते मोबाइलवर, एका पद्धतीच्या मौलानांच्या बयानात.

त्याच्या आक्षेपात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. जनावर अल्लाहशिवाय दुसऱ्याच्या नावावर कापलं तर ते हराम, कुरआनात स्पष्ट आहे. मूल द्या म्हणून कबरीपुढं पदर पसरणंही मला पटत नाही, मागायचं ते अल्लाहकडेच. पण आमची नानी, जिला सही येत नव्हती, तिला हे पक्कं माहीत होतं. ती मुजावराला दरवेळी बजावायची: जनावर अल्लाहच्या नावानं, सवाब (पुण्य) तेवढा पिराला. साद बिन उबादा या साथीदारांनी रसूलुल्लाहना (पैगंबरांना) विचारलं होतं की मयत आईच्या वतीनं सदका (दान) केला तर तिला पोचेल का. हो म्हटल्यावर त्यांनी आपली बाग देऊन टाकली. पैगंबरांच्या वचनांच्या सही बुखारी या संग्रहातली हदीस आहे. कबरींची जियारत (दर्शनाला जाणं) आधी मना होती, मग खुद्द रसूलुल्लाहनीच परवानगी दिली, हे मुस्लिम शरीफ या दुसऱ्या संग्रहात आहे. नियत चुकत असेल तर बसून शिकवा. शिकवायला वेळ लागतो, बंद करायला एक मेसेज पुरतो.

आणि दर्गे मराठवाड्यात काल उगवलेले नाहीत. तुघलकानं १३२७ मध्ये दौलताबादला राजधानी हलवली, त्या काळात सूफी संत निजामुद्दीन औलियांचे मुरीद (शिष्य) बुऱ्हानुद्दीन गरीब दिल्लीहून दख्खनमध्ये आले. खुलताबादला त्यांची आणि त्यांचे भाऊ जरजरी जरबक्ष यांची कबर आहे. परभणीला तुराबुल हक, लातूरला सुरत शहावली यांचे दर्गे. आमच्याकडं दीन रुजला तो या लोकांच्या लंगरातून, भुकेल्याला आधी जेवू घालून. सातशे वर्षांची ही वाट सोडायची, तर कुणाच्या वाटेनं जायचं ते भाच्यानं सांगावं.

बायकांचंही कुणी बोलत नाही. आमच्या गावच्या मशिदीत बाई कधी चढली नाही. अम्मीला, नानीला घराबाहेर बसून दुआ करायला जागा होती ती दर्ग्याची पायरी. जुम्मेरातीला, गुरुवारी, तिथं पाटलीणबाई आणि माझी नानी शेजारी शेजारी बसायच्या, लोबानाच्या धुरात डोळे चोळत सुनांची गाऱ्हाणी करायच्या. दर्गा बंद केला की भाच्याला मशीद आहे, मित्रांची जमात आहे. त्याच्या आईला काय उरतं?

खरी गोष्ट पुढं आहे, आणि ती त्याला माहीत असून तो विसरला याचा मला जास्त राग आहे. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आलं. रझाकारांनी आधी जे केलं होतं त्याचा सूड ज्यांचा काही संबंध नव्हता अशा मुसलमानांवर निघाला. त्या हिंसेची चौकशी करणाऱ्या सुंदरलाल समितीच्या अहवालात सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आहे, आणि औसा तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. नानी त्या वेळी नवी नवरी. पाटलांनी आमच्या घरची बायकापोरं आपल्या वाड्यात नेली आणि ज्वारीच्या बळदात, म्हणजे धान्य साठवायच्या कोठीत, लपवली. माणसं विचारत आली तेव्हा पाटील दारात बसून राहिले. पुढं सगळं निवल्यावर पाटलीणबाईंनी कंदुरी केली. बोललीच होती त्यांनी, ही पोरं वाचली तर करीन म्हणून. पाटलांच्या घरची कंदुरी तेव्हापासूनची आहे. हीच बंद करा म्हणतोय आमचा भाचा.

मी जिथं राहते तिथली तुलना करते. २०२१ च्या जनगणनेत लेस्टरमध्ये साडेतेवीस टक्के मुसलमान आणि जवळपास अठरा टक्के हिंदू. बहुतेक गुजराती, भाषा एक, भाजीचं दुकान एक. २०२२ च्या ऑगस्टमध्ये भारत-पाकिस्तान सामना झाला आणि त्यानंतर शहर पेटत गेलं. १७ सप्टेंबरला ग्रीन लेन रोडवरून तोंडं झाकलेल्या हिंदू पोरांचा मोर्चा गेला. मराठवाड्यात त्या दिवशी मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन असतं. आम्ही पडदे ओढून बसलो होतो. त्या रात्री मला कळलं की या शहरात एकही हिंदू घर असं नाही जिथं मी मुलं घेऊन जाऊ शकेन, आणि कुणी हिंदू बाई माझ्या दारात येईल एवढी ओळखही नाही. इथं सगळ्यांचे हक्क कायद्यानं सांभाळलेले आहेत, त्याची मला कदर आहे. पण बळद कायद्यानं मिळत नाही. ते एका पंगतीत जेवून, एकमेकांच्या मयतीला जाऊन, पिढ्यानपिढ्या मिळवावं लागतं.

रसूलुल्लाह म्हणाले होते, जिब्रील फरिश्ते मला शेजाऱ्याबद्दल इतकं बजावत राहिले की मला वाटलं, आता त्याला वारसाहक्कही देतील. कुरआनात जवळचा शेजारी वेगळा सांगितलाय, लांबचा वेगळा, आणि दोघांशी भलाईनं वागायला सांगितलंय. शेजारी कोणत्या धर्माचा, ही अट तिथं नाही. माझ्या इथल्या शेजारणीचा, एकट्या राहणाऱ्या म्हातारीचा, इंतकाल झाल्याचं मला तिच्या दारापुढं इस्टेट एजंटची पाटी लागल्यावर कळलं. आमच्या गल्लीत हे कुणाला खटकलंही नाही. नमाजा वेळेवर, मटणावर एचएमसीचा (हलाल तपासणाऱ्या संस्थेचा) शिक्का, जकातीचा हिशेब पाव पेनीपर्यंत, आणि भिंतीपलीकडं काय चाललंय ते ठाऊक नाही. हा नमुना भाच्याला गावात न्यायचाय.

गावात दुसऱ्या बाजूनंही हेच चाललंय, हे बहिणीकडून कळतं. पाटलांच्या नातवाला त्याचे मित्र सांगतात, पिराला कशाला जातोस, तो आपला देव नाही. माझा भाचा आणि ते मित्र एकमेकांचं तोंड बघणार नाहीत, पण काम दोघं एकच करतायत. दोघांना तो चिंचेखालचा पंगतीचा पट्टा रिकामा हवाय.

माझं तिकडं काय उरलंय, असा प्रश्न भाच्यानं विचारला नाही, पण तो मेसेजात होताच. आमच्या जमातीच्या दफन फंडात मी पैसे भरते, सॅफ्रन हिलच्या कबरस्तानात जागा मिळेल, मुलं इथलीच आहेत, त्यांना यायला सोपं. तिथं जनाजा गाडीतून जाईल, वेळेत होईल, गुसल (मयतीची अंघोळ) देणाऱ्या बायाही तयार आहेत. नानीचा जनाजा उचलला तेव्हा पुढच्या खांद्याला पाटलांचा थोरला होता, आणि कबरीत माती टाकताना तो धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होता. मला तशी माती मिळणार नाही. हे मी निवडलंय आणि मला ते सलतं. म्हणूनच ज्याला ते अजून मिळू शकतं त्यानं ते फेकून द्यावं, हे मला सहन होत नाही.

यंदाच्या कंदुरीचे माझ्या वाट्याचे पैसे मी बहिणीकडं पाठवले आहेत. मुलाण्याला नियत नीट सांगायची, मुजावराला कबरीपुढं कुणाला सजदा करू द्यायचा नाही, हेही फोनवर सांगितलंय. पाटलांच्या घरी आमंत्रण द्यायला भाच्यानंच जायचं, असं बहिणीचं आणि माझं ठरलंय.