पिन कापून देणाऱ्या दुकानदारांनो, आता बस करा!

जपानहून आलेली जुनी शिलाई मशीन, अॅम्प्लिफायर, राईस कुकर आता तालुक्याच्या बाजारातही दिसतात. माल दणकट असतो. संताप होतो तो विकणाऱ्याच्या एका वाक्याचा: "काही करायचं नाही भाऊ, फक्त पिन बदलून घ्या."

अरे, ती पिनच तर शेवटचा पहारा आहे! जपानची घरगुती लाईन १०० व्होल्टची, आपली २३०ची. चपट्या पात्यांची ती पिन आपल्या साध्या बोर्डात जात नाही, म्हणून मशीन वाचते. ती कापून थ्री पिन टॉप लावला की घरातलं कुणीही पोरगं सरळ भिंतीत खुपसतं. मग आतल्या २०० व्होल्टपर्यंतच टिकणाऱ्या कपॅसिटरवर (वीज साठवणारा भाग) लाटेच्या शिखराचे ३२५ व्होल्ट बसतात आणि तो फुटतो. नशीब असलं तर आधी व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेज अंगावर घेणारा भाग) शॉर्ट होऊन फ्यूज उडतो. तर त्या फ्यूजच्या जागी तार गुंडाळणारे महाभागही आहेत! कुकरचं तर विचारूच नका. हीटरचे वॅट व्होल्टेजच्या वर्गाने वाढतात, २.३ गुणिले २.३. म्हणजे १००० वॅटचा कुकर ५२०० वॅटच्या वर ओढणार. वायर जळेल, घर पेटेल.

दुसरा ताप ११०च्या डब्याचा, म्हणजे २३०चे १०० नव्हे तर ११० व्होल्ट करून देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा. "११० काय नि १०० काय, सारखंच!" सारखं कसं? आपल्या खेड्यात मध्यरात्री मोटारी बंद झाल्या की २६० व्होल्ट येतात. तेव्हा ११०चा डबा १२४ देतो, १००चा ११३. आणि शेतीपंप सुरू असताना डीपीपासून लांबच्या घरात १७० उरले, तर १००च्या डब्यातून जेमतेम ७४ निघतात. भात कच्चा राहतो, मोटर नुसती गुरगुरते आणि तापते. म्हणून आधी हाय-कट (व्होल्टेज फार वाढलं की लाईन तोडणारा) आणि टाइम-डिले (थोडं थांबून लाईन जोडणारा) असलेला स्टॅबिलायझर, त्यानंतर ट्रान्सफॉर्मर. उलट नाही!

मुठीएवढ्या हलक्या डब्यावर "२००० वॅट" छापून विकतात, ती तर उघड लबाडी. त्यात तांब्याचं वाइंडिंगच नसतं, लाट कापणारं सर्किट असतं. त्यावर साधी इस्त्री चालेल, इलेक्ट्रॉनिक वस्तू मरते.

बरं, उपाय कुठे लांब आहे? मोटारी भरणारा वाइंडिंगवाला प्रत्येक तालुक्यात बसलेला आहे. त्याला स्पष्ट सांगा: २३० ते १००, दोन वेगळी वाइंडिंग, तांब्याची तार. १०० वॅटच्या शिलाई मशीनला ३०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर, ट्रान्सफॉर्मरची ताकद), १२०० वॅटच्या कुकरला २००० व्हीए. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशांत ट्रान्सफॉर्मर आधीच तापलेला असतो, तिथे काटकसर करू नका. ऑटो ट्रान्सफॉर्मर (दोन वेगळ्या वाइंडिंगऐवजी एकच सामाईक वाइंडिंग असलेला) गळ्यात मारला का, हे तपासायला डबा लाईनपासून सोडवा आणि इनपुटच्या पिनेपासून आउटपुटच्या भोकापर्यंत मल्टिमीटरने ओहम मोजा. काही ओहम दाखवले तर तो ऑटो. त्यातली सामाईक तार तुटली की पूर्ण २३० मशीनवर येतात. आउटपुटला फक्त चपट्या पिनेचं सॉकेट बसवा आणि लोखंडी डब्याला अर्थिंग द्या. सगळ्या पिना गिळणारे एक्स्टेंशन बोर्ड त्या खोलीत ठेवूच नका, चपटी पिन त्यात आरामात बसते.

खरेदीआधी लेबल वाचा. १००-२४० लिहिलं असेल तर काहीच नको, पिनेचा अॅडॅप्टर पुरे. नुसतं १०० असेल तर हर्ट्झही (विजेची सेकंदाला आवर्तनं) बघा. जपानच्या पूर्व भागात ५०, पश्चिम भागात ६०; आपल्याकडे ५०, आणि ट्रान्सफॉर्मर हर्ट्झ बदलत नाही. नुसतं ६० लिहिलेला जुना मायक्रोवेव्ह फुकट दिला तरी घेऊ नका.

आणि दुकानदारांनो, बिलावर ठळक "१०० व्होल्ट" लिहायला तुमची शाई संपते का?