‘बंद करून चालू’: एका निवृत्त मुख्याध्यापकांना उत्तर

सर,

आपण नाव दिलं नाहीत, ‘एक निवृत्त मुख्याध्यापक’ एवढंच लिहिलंत, म्हणून सर म्हणतो. शाळेतल्या कॉम्प्युटर दुरुस्तीवरच्या माझ्या पहिल्याच लेखावर आपले आक्षेप तीन: लेखात शिक्षकांची टिंगल आहे, आपल्या शाळेतली लॅब वर्षभर कुलपात होती, कोणी फिरकलं नाही, आणि ‘मशीन बंद करून चालू करण्यापलीकडे या लोकांना येतं काय, की त्यावर लेख लिहावेत?’

टिंगलीचं म्हणाल तर ‘गुरुजी’ हा शब्द जरा जास्तच वेळा आलाय. दोन ठिकाणचा काढतो. झालं?

आता ‘या लोकांना’. टीका जरूर करा, पण ही काय भाषा झाली? शिपायालाही अहोजाहो करणारे मुख्याध्यापक मी पाहिलेत. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, तेव्हा शिक्षकांचा मान कसा राखायचा हे निदान मला तरी शिकवू नका.

आणि मुळात बंद करून चालू केल्याने काम होतच नाही! विंडोज 8 पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. आपण शटडाउन करतो तेव्हा विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो, अडकलेल्या ड्रायव्हरसकट (ड्रायव्हर म्हणजे प्रिंटर वगैरे चालवणारं सॉफ्टवेअर). कोरी सुरुवात हवी असेल तर रीस्टार्टच करावं लागतं. म्हणून तर ऑफिसातल्या बाई ‘अहो, तीनदा बंद केला’ म्हणत असतात आणि प्रिंटर आपला ऑफलाइनच. हा फरक ज्याला कळतो त्याला ‘काही येत नाही’ म्हणायचं असेल तर बोलणंच खुंटलं.

मशीन चालूच होत नाही तेव्हाचं काय? जूनमध्ये लॅब उघडली की कॅबिनेटमध्ये पालीची अंडी, एसएमपीएसच्या (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) पंख्यावर खडूच्या भुकटीचा थर, आणि बटण दाबलं की नुसती पिपाणी. मग रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, काढायची, तिची सोनेरी कड खोडरबरने घासायची (खोडरबर पहिलीच्या वर्गातून मागून आणलेला), खाचेत ब्रश फिरवायचा आणि दोन्हीकडचे खटके बसेपर्यंत दाबायची. पडदा उजळला की पोरं टाळ्या वाजवतात. मास्तर विचारतात, ‘एवढंच होतं?’

मी लागलो तो केंद्राच्या आयसीटी योजनेत, म्हणजे शाळांना कॉम्प्युटर लॅब देणाऱ्या योजनेत, कंत्राटावर. ‘बूट’ पद्धत: कंपनीने लॅब उभारायची, पाच वर्षं चालवायची, मग शाळेच्या ताब्यात द्यायची. मुदत संपली की मशीन शाळेची आणि माणूस घरी. तरीही यूडायसची, म्हणजे शाळेची आणि मुलांची माहिती सरकारी पोर्टलवर भरायची, वेळ आली की फोन मलाच. रजिस्टरात ‘वैष्णवी’, आधारवर ‘वैश्नवी’. अशी नोंद जुळत नाही, आणि आधार जुळलेल्या पटावर संचमान्यता, म्हणजे शाळेला शिक्षकांची किती पदं मंजूर, हे ठरतं. एकेका नावासाठी पालकांना फोन लावत, रात्री पोर्टल जरा हलकं झालं की नोंदी भरत कोण बसायचं? पद वाचलं की पेढे मात्र स्टाफरूममध्ये.

आता विंडोज 10 चे मोफत सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले. विंडोज 11 ला इंटेलच्या प्रोसेसरची आठवी पिढी किंवा पुढची लागते आणि शाळांत मी चौथ्या पिढीचे आय-थ्री हाताळतोय. यावर लिहिणारच आहे. आपल्याला वाचायचं नसेल तर सक्ती नाही.

राहता राहिली आपली कुलपातली लॅब. त्या शाळेत मी कधी पाऊल ठेवलेलं नाही, त्यामुळे तो माझा विषय नाही. एवढंच म्हणतो, की लॅबची किल्ली कोणाच्या टेबलाच्या खणात असते हे मुख्याध्यापकांना मी काय सांगणार?