गुऱ्हाळाच्या गावात पाकाचा कॅन

आमच्या घरच्या ग्रुपवर हल्ली निवडणुकीपेक्षा जास्त भांडणं बबल टीवरून, म्हणजे काळ्या चिवट गोळ्या घातलेल्या गार चहावरून होतात. पुतण्याने दोन मित्रांना हाताशी धरून कोल्हापुरात रंकाळ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर गाडी टाकली आहे. मोमो, बबल टी आणि गार पाटीवर खरवडून गुंडाळलेलं आइस्क्रीम असा सगळा थाट. अण्णांचं म्हणणं, मिसळीच्या आणि भेळेच्या गावात ही थेरं कशाला, उद्या ही पोरं तांबडा-पांढरासुद्धा दोन काड्यांनी खातील. पोरांचं म्हणणं, अण्णांनी कागलच्या पलीकडं काय बघितलंय? मी सिंगापुरात राहतो म्हणून दोन्ही पार्ट्या मला साक्षीला ओढतात. माझी साक्ष कुणालाच आवडायची नाही, पण देतो.

आधी अण्णांना. त्या चहातल्या काळ्या गोळ्या टॅपिओकाच्या पिठाच्या असतात. तमिळनाडूत सेलमकडं ज्या कंदापासून आपला शाबू होतो, तोच हा कंद, आणि तोही मूळचा दक्षिण अमेरिकेतला. चहा, दूध, साखर आणि शाबू यात बाटण्यासारखं काय आहे? आईला हे सांगितलं तेव्हा ‘मग उपासाला चालतंय की’ म्हणून तिनं विषय मिटवला. राहिला प्रश्न परक्यांच्या उष्ट्याचा. हे पेय आधी कुणी केलं यावरून खुद्द तैवानमध्ये दोन चहाघरं दहा वर्षं कोर्टात भांडली. 2019 साली निकाल लागला तो असा, की हे कुणीही करू शकतं. मग कोल्हापूरकरांनी का करू नये?

सिंगापुरात तर कुठला पदार्थ कुणाचा हा हिशेबच कुणी मांडत बसत नाही. चेंडोल घ्या. किसलेला बर्फ, नारळाचं दूध, हिरव्या शेवया आणि वरून ताडगुळाचा घट्ट पाक. मलेशिया म्हणतो आमचं, इंडोनेशिया म्हणतो आमचं, आणि सिंगापूरकर रांगेत उभा राहून मुकाट खातो. कोकणातला माणूस पहिल्या घासाला नारळ आणि गूळ ओळखेल.

आता पुतण्याला. दिवाळीत त्याच्या गाडीवर गेलो होतो. गाडीखाली पाच लिटरचे प्लास्टिकचे कॅन ओळीनं लावलेले, त्यावर जपानी धाटणीची अक्षरं आणि आत ‘ब्राऊन शुगर’ चवीचा तपकिरी पाक. बाहेर जपानमधल्या ज्या ओकिनावाच्या काळ्या साखरेचं नाव सांगून बबल टीचे चढे पैसे घेतात, ती काळी साखर म्हणजे काय? उसाचा रस आटवून, घट्ट करून थापलेली ढेप. आमच्या जिल्ह्यात त्याला गुऱ्हाळ लागतं आणि मार्केट यार्डात त्याचे सौदे निघतात. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. आणि त्या यार्डापासून रिक्षाच्या अंतरावर हा पठ्ठ्या रंग आणि वास घातलेला पाक ओततोय! मी म्हटलं, गूळ का नाही वापरत? तर म्हणाला, ‘काका, गिऱ्हाईकाला कॅन दिसला पायजे.’

दूध फाटतं ही त्याची दुसरी सबब. गुळाचा चहा करणाऱ्याला हे ठाऊकच असतं, उकळत्या दुधात गूळ पडला की खेळ खलास. पण इथं दूध उकळायचंच कुठं आहे? गोळ्या गुळाच्या पाकात मुरवायच्या, पाक ग्लासाच्या कडेनं फिरवायचा, वरून बर्फ आणि गार दूध. शिजवलेल्या गोळ्या चार तासांत वातड होतात आणि उरलेल्या टाकून द्याव्या लागतात, ही खरी अडचण. तिच्यावर कॅनवाल्याकडंही उत्तर नाही.

आइस्क्रीमचं तर बोलायलाच नको. उणे तापमानाच्या पाटीवर दोन उलथनी खडखडत चालतात, पांढरा थर पसरतो, खरवडून त्याच्या सुरळ्या होतात. मूळची कला थायलंडच्या रस्त्यावरची, बघायला झकास. पाटीवर ओततोस काय, असं विचारलं तर उत्तर आलं, ‘बेस हाय.’ पाकिटावर बारीक अक्षरात ‘फ्रोझन डेझर्ट’ छापलेलं, म्हणजे वनस्पती तेलाचा माल. आपल्याकडच्या नियमानं नुसतं ‘आइस्क्रीम’ म्हणायचं तर त्यात किमान 10 टक्के दुधाचा स्निग्धांश लागतो. गंगावेशीत डोळ्यांदेखत म्हैस पिळून फेसाळ दुधाचा ग्लास हातात देणारं गाव आहे हे. अण्णांनी खरं तर यावर भांडायला हवं. ते मोमोवर भांडतात, आणि मोमोत बिचाऱ्यात कोबीच असतो.

सिंगापूरचं मला पटतं ते एवढंच, की तिथं खाण्यावर बंदी घालत नाहीत, आत काय आहे ते लिहायला लावतात. 2023 च्या डिसेंबर अखेरीपासून ताज्या बनवलेल्या पेयांनाही साखरेप्रमाणे ए ते डी श्रेणी लागली, बबल टीसकट. शंभर मिलिलिटरला दहा ग्रॅमपेक्षा जास्त साखर असेल तर डी, आणि डीची जाहिरात करता येत नाही. साखर किती टक्के घालू हे दुकानदार विचारतोच. मी पाव सांगतो.

पण तिथलं सगळंच उचलून आणावं असंही नाही. रस्त्यावरचे फेरीवाले 1986 पर्यंत हटवून सरकारी हॉकर सेंटरांत, म्हणजे छपराखालच्या खाण्याच्या स्टॉलांच्या बाजारात बसवले. स्वच्छता आली, नळ आला, 2020 मध्ये युनेस्कोची मान्यताही आली. आज त्या स्टॉलांमागची माणसं साठीकडं झुकली आहेत आणि त्यांची पोरं ऑफिसात बसतात. परवान्याशिवाय कोपऱ्यावर गाडी लावली तर दंड ठरलेला. आमच्या पुतण्यानं बारावीनंतरच्या सुट्टीत हौसेनं गाडी सुरू केली आणि वर्षभरात दुसरा बर्नर घेतला, हे तिथं त्याला जमलं नसतं.

तेव्हा माझं म्हणणं, गाडी राहू दे, कॅन जाऊ दे. गोळ्या गुळात मुरव, सुरळीला म्हशीचं दूध आटवून वापर, गाडीवर फळा लावून खडूनं तसं लिही आणि दहा रुपये जास्त घे. कोल्हापूरकर दुधाच्या बाबतीत फसत नाही, तो पैसे देईल. त्या कोरियन कॉर्न डॉगचं समर्थन मात्र माझ्याकडं मागू नका. बटाट्याचे तुकडे चिकटवून तळलेला सॉसेज आणि त्यावर साखर, हे मला तिकडंही झेपलेलं नाही.