सगळ्या गाठींना एकच भविष्य सांगू नका

‘ब्रेनस्टेममध्ये गाठ म्हणजे हातात काही महिनेच’ असं तुमच्या लेखात सरसकट लिहिलंय. ब्रेनस्टेम म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा देठ. ज्या घरात कालच रिपोर्ट आला असेल, तिथे हे वाक्य काय करेल?

मुलांच्या पॉन्समध्ये, म्हणजे ब्रेनस्टेमच्या मधल्या भागात, पसरणाऱ्या ग्लायोमाबद्दल (मेंदूच्या आधारपेशींची गाठ) ते दुर्दैवाने खरं आहे. रेडिएशनने थोडे महिने उतार पडतो, मग गाठ पुन्हा उचल खाते. बहुतेक मुलं वर्ष-दीड वर्षापलीकडे जात नाहीत. पण टेक्टमची, म्हणजे ब्रेनस्टेमच्या वरच्या भागातल्या मागच्या बाजूची, गाठ वेगळी. ती बहुधा संथ असते, वर्षानुवर्षं तेवढीच राहते. तिच्यामुळे मेंदूत पाणी तुंबतं, ते शंट (पाणी वाहून नेणारी नळी) टाकून किंवा दुर्बिणीने वाट करून सोडवतात आणि पुढे ठरावीक काळाने एमआरआय.

फोंड्याची माझी भाची सकाळी उठल्या उठल्या उलट्या करायची. फळ्यावरचं वाचायला नजर वर जाईना, म्हणून सगळी मानच मागे टाकायची. हे तिच्या बाईंनी हेरलं, म्हणून वेळेत बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) नेलं. टेक्टमची गाठ निघाली. आज ती कॉलेजात आहे.

म्हणून गाठ नेमक्या कुठल्या भागात आहे, पसरलेली आहे की एका जागी, हे डॉक्टरांना आधी विचारा. बायोप्सी शक्य असेल तर गाठीच्या पेशींतला एच३ के२७ बदल (हिस्टोन या प्रथिनातला) तपासतात का, तेही विचारा. मेंदूच्या गाठींच्या २०२१च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणात त्याला मोठं महत्त्व आहे. संपादकांनी लेखातलं ते वाक्य कृपया आजच बदलावं.