हरळी सगळीकडे सारखी नसते

पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला, शेवटी मामांनीही पाठवला. मजकूर असा : 'खार फुटलेल्या रानात हरळी लावा. ती ६.९ पर्यंत क्षार सोसते. कुठलीही चालते, नसली मिठाची सवय तर लागते. दोन वर्षांत मीठ ओढून घेते, जमीन गोडी होते. चर नको, जिप्सम नको.' मामांचं रान मोहोळ तालुक्यात, कालव्याच्या खालच्या अंगाला. वर्षानुवर्षं उसाला पाटानं पाणी दिलं, आता ऊन तापलं की सखल कोपरा पांढरा पडतो. ते हे मनावर घेतील, म्हणून लिहितोय.

आधी तो ६.९. आकडा खरा आहे. पाण्यानं पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची, म्हणजे संपृक्त अर्काची, विद्युत वाहकता (क्षार जितके जास्त तितकी ती जास्त) मीटरला तितकी डेसिसीमेन्स होईपर्यंत हरळीची वाढ घटत नाही, उसाची १.७ लाच घटू लागते. पण ही अनेक वाणांची सरासरी आहे. अन्न व कृषी संघटनेच्या ज्या तक्त्यात ती येते, त्याच्याच तळटीपेत म्हटलंय की कोस्टल आणि सुवानी हे वाण सरासरीपेक्षा सुमारे २० टक्के जास्त सोसतात आणि साधी 'कॉमन' हरळी सुमारे २० टक्के कमी. म्हणजे साडेपाचच्या आसपास. मेसेज लिहिणाऱ्यानं तळटीप गाळली.

'कुठलीही चालते' ही खरी गोम. खारट जागी पिढ्यान्‌पिढ्या मीठ न सोसणारी रोपं मरतात, सोसणारी उरतात आणि तीच पसरतात. ब्रिटनमध्ये हॅनन आणि ब्रॅडशॉ या संशोधकांनी १९६८ मध्ये खाजणातल्या दोन गवतांवर हेच मांडलं. पाकिस्तानात मिठाच्या डोंगररांगेतली हरळी आणि फैसलाबादची हरळी शेजारी शेजारी वाढवून मीठ वाढवत नेलं, तेव्हा डोंगररांगेतली जास्त तग धरून राहिली. गवत एकच. फरक कशात असतो? मुळांनी सोडियम वर जाऊ न देण्यात, पालाशाचं प्रमाण टिकवण्यात, आणि पानांवरच्या बारीक ग्रंथींतून मीठ बाहेर टाकण्यात. मामांच्या ओढ्याकडच्या कडेला हरळी आखूड, राखाडी, पेरं जवळजवळ. सकाळी पानावरून बोट फिरवून जिभेला लावलं तर खारट लागतं. विहिरीजवळची मात्र लांब, लुसलुशीत.

यावर कुणी म्हणेल, हा मातीचा गुण झाला, सवयीचा. शंका रास्त आहे आणि घरी तपासता येते. दोन्हीकडच्या तीन-तीन पेरांच्या काड्या आणा, एकाच मातीच्या डब्यांत लावा आणि महिनाभर दोन्हींना गोडं पाणी द्या. सवयीचा भाग त्यात बराच निवळतो. मग लिटरला २ ग्रॅम मीठ घालून सुरुवात करा आणि दर आठवड्याला वाढवत १० ग्रॅमपर्यंत न्या. आधी कोण करपतं ते दिसेल. हळूहळू मीठ वाढवल्यानं रोप थोडं सावरतं, एवढं सवयीचं खरं. पण वंशात नसलेली ताकद सवयीनं येत नाही. नर्सरीतून लॉनचे तुकडे आणून पांढऱ्या कोपऱ्यात अंथरणारा म्हणूनच फसतो.

'मीठ ओढून घेते' याचा हिशेबच करू. पाण्याची वाहकता १ असेल तर लिटरमध्ये साधारण ०.६४ ग्रॅम क्षार. उसाला वर्षात मीटरभर पाणी दिलं तर एकरी सुमारे २,६०० किलो क्षार आपणच रानात ओततो. हरळी एकरी ५ टन वाळली आणि त्यात २ टक्के क्षार धरले, तरी १०० किलो. तेही कापून बाहेर नेली तर. गवतानं माती झाकली जाते, मुळांनी थोडी भुसभुशीत होते, हा फायदा आहेच. पण मीठ धुऊन निघतं ते निचऱ्यानं.

आणि मामा, माती परीक्षणात सामू (पीएच) ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेला, सोडियम १५ टक्क्यांच्या वर आला, तर तुमची जमीन चोपण आहे. तिथं आधी जिप्समच लागतं, कारण सोडियमची जागा कॅल्शियमनं घ्यावी लागते, आणि सुटलेला सोडियम वाहून न्यायला चर लागतोच. गवत लावायचंच तर विहिरीजवळचं नको, ओढ्याच्या पांढऱ्या कडेचं लावा, आणि तेही त्या कोपऱ्यापुरतंच. उसाच्या रानात शिरलेली हरळी उपटायला किती मजूर लागतात, ते तुम्हीच मला दाखवलं होतं.