श्रूजबरीतली ती कबर स्क्रूजची नव्हे
'इंग्लंडमधल्या श्रूजबरीत खऱ्या स्क्रूजची कबर सापडली' असा मेसेज फोटोसकट फिरतोय. फोटो खरा, माहिती चुकीची. एबेनेझर स्क्रूज हा इंग्रज लेखक चार्ल्स डिकन्सच्या १८४३ सालच्या नाताळच्या भूतकथेतला कंजूष म्हातारा, निव्वळ काल्पनिक. १९८४ साली याच कथेवर जॉर्ज सी. स्कॉट या नटाला घेऊन केलेल्या टीव्ही चित्रपटाचं शूटिंग या गावात झालं. सेंट चॅड्स चर्चच्या आवारातल्या, अक्षरं झिजलेल्या एका जुन्या शिळेवर तेव्हा स्क्रूजचं नाव कोरलं, आणि ते तसंच राहिलं. फोटो मोठा करून पाहा, नुसतं नाव दिसेल, खऱ्या कबरीवर असतात तशा जन्म-मृत्यूच्या तारखा नाहीत. २०२४च्या नोव्हेंबरात कुणीतरी ही शिळा फोडली (फार वाईट केलं), तेव्हाच्या बातम्यांतही ती चित्रपटातलीच म्हणून छापून आली होती. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. ग्रुपवर दिसला तर त्याखाली हा खुलासा टाका.